सातबाऱ्यावरचा बोजा: निकालावर गहाण पडलेली स्वतःची किंमत सोडवून घ्यायची कशी

स्पर्धा परीक्षेच्या निकालाची पीडीएफ उघडल्यावर यादी कोणी वाचत नाही. शोधाच्या चौकटीत आधी स्वतःचा बैठक क्रमांक टाकला जातो, तो सापडला नाही तर पुन्हा एकदा टाकला जातो, कारण मघाशी एखादा आकडा चुकला असेल अशी आशा असते. पुण्यात सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसच्या खोलीत मी हे सलग पाच निकालांना केले. पाचव्या खेपेला मात्र रडू आले नाही आणि रागही आला नाही. मेसचा डबा तसाच राहिला, मोबाइलवर ‘आबा’ हे वडिलांचे नाव झळकून विझले, आणि पुढचे अडीच महिने मी रोज सकाळी आठला अभ्यासिकेत जाऊन माझ्या खुर्चीवर बसत होतो आणि एकही पान उलटत नव्हतो. खुर्चीचे पैसे भरलेले होते आणि ‘अभ्यास चालू आहे’ हे घरी सांगितलेले वाक्य निदान अक्षरशः तरी खोटे ठरू नये, एवढेच त्या बसण्याचे कारण होते.

पुढचे लेखन अशा खुर्चीवर बसलेल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. मी डॉक्टर नाही. नैराश्यावर उपचार घेऊन बरा झालेला आणि नंतर अशा अनेकांशी चहाच्या टपरीवर तासन्‌तास बोललेला माणूस आहे. घरच्यांच्या अपेक्षा असणे हा काही आजार नव्हे. अपेक्षांशिवाय शेत पेरले जात नाही आणि मूलही शाळेत घातले जात नाही. अडचण तेव्हा होते, जेव्हा माणसाची सगळीच्या सगळी किंमत एका निकालावर गहाण पडते. गहाण पडलेले सोडवता येते, पण त्यासाठी कागद बाहेर काढून बोजा कोणी, कधी आणि किती रकमेचा चढवला हे पाहावे लागते.

त्याआधी एक गोष्ट. मरणाचे विचार येत असतील, सगळ्यांची एकदाची सुटका होईल असे वाटू लागले असेल, तर पुढचा मजकूर बाजूला ठेवा आणि जवळच्या एका माणसाला आत्ता सांगा, किंवा १४४१६ हा क्रमांक फिरवा. ही केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ती चोवीस तास आणि विनामूल्य चालते, आणि तेथे मराठीत बोलता येते. धोका अगदी समोर उभा असेल तर ११२ ला फोन करावा किंवा थेट रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे. पोलिसांच्या भीतीने कोणी मागे राहू नये. २९ मे २०१८ पासून लागू असलेल्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिच्यावर खटला चालवून शिक्षा करायची नसते.

दुःख की आजार

निकाल गेल्यावर आठवडाभर काही गोड लागत नाही, हे स्वाभाविक आहे. दुःखाला भरती-ओहोटी असते: खोलीतल्या मित्राने एखादा पाणचट विनोद केला तर हसू फुटते, कांदाभजीचा वास आला तर भूक लागते. नैराश्यात ही ओहोटी थांबते. डॉक्टर ज्या नऊ गोष्टी विचारतात त्या अशा: सतत उदास वाटणे, कशातच रस न उरणे, झोप बिघडणे, भूक किंवा वजन बदलणे, थकवा, स्वतःविषयी अपराधीपणा किंवा तुच्छता वाटणे, लक्ष न लागणे, हालचाल मंदावणे किंवा अस्वस्थ होणे, आणि मरणाचे विचार येणे. यांपैकी पाच किंवा अधिक गोष्टी, त्यांत पहिल्या दोनांपैकी निदान एक, दोन आठवडे जवळजवळ रोज टिकून असतील आणि रोजचे व्यवहार अडू लागले असतील, तर मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्याची वेळ झाली आहे. याच नऊ गोष्टींची एक प्रश्नावली प्रचलित आहे. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण आणि एकूण २७. १० किंवा त्याहून अधिक गुण आले तर तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा असे सर्वसाधारणपणे मानतात. ती चाळणी आहे, निदान नव्हे.

पेठेत मात्र ही लक्षणे पाठ्यपुस्तकातल्या नावांनी समोर येत नाहीत. पहाटे चारला झोपून दुपारी उठणे आणि त्याला ‘रात्रीचा अभ्यास’ म्हणणे, मेसचे खाडे वाढत जाणे, अंघोळ उद्यावर ढकलणे, गावाकडचे कोणी लक्ष्मी रस्त्यावर दिसले तर गल्ली बदलणे, ही तीच लक्षणे होत. ‘मला उदास वाटते’ असे वाक्य आपल्याकडे फारसे उच्चारलेच जात नाही. डोके जड झाले, अंगात त्राण नाही, पित्त झाले, छातीत धडधडते, अशीच तक्रार असते. त्यामुळे पहिली भेट साध्या डॉक्टरांकडे झाली तरी हरकत नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्वाच्या तपासण्या करून घ्याव्यात, कारण यांतल्या बिघाडाने येणारा थकवा नैराश्यासारखाच दिसतो, आणि वर्षानुवर्षे मेसच्या पातळ आमटीवर काढणाऱ्या मुलांत ही शक्यता नेहमीच तपासण्यासारखी असते.

अपेक्षा आत शिरते कशी

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टोरी हिगिन्स यांनी १९८७ मध्ये मांडलेली एक कल्पना मला फार उपयोगी पडली. त्यांच्या मते माणसाच्या मनात स्वतःची तीन चित्रे असतात: मी प्रत्यक्षात जसा आहे तसा, मला जसे व्हावेसे वाटते तसा, आणि मी जसा असायला हवा असे मानले जाते तसा. प्रत्यक्ष ‘मी’ आणि हवाहवासा ‘मी’ यांतले अंतर वाढले तर खिन्नता येते. प्रत्यक्ष ‘मी’ आणि कर्तव्य म्हणून लादलेला ‘मी’ यांतले अंतर वाढले तर धास्ती आणि अपराधीपणा येतो. स्पर्धा परीक्षा देणाऱ्याच्या बाबतीत ही दोन्ही अंतरे एकाच निकालाने मोजली जातात, आणि म्हणूनच त्या एका दिवशी माणूस खिन्नही होतो आणि धास्तावतोही. पुढे २००१ मध्ये जेनिफर क्रॉकर आणि कॉनी वुल्फ यांनी दाखवले की स्वतःची किंमत प्रत्येक जण वेगवेगळ्या खुंट्यांवर टांगतो: कोणी यशावर, कोणी इतरांच्या पसंतीवर, कोणी रूपावर, कोणी घरच्यांच्या मायेवर, कोणी सचोटीवर किंवा श्रद्धेवर. आमची सगळी वस्त्रे एकाच खुंटीवर होती.

ती तिथे कशी गेली? दुसऱ्या वर्षी दिवाळीला गावी गेलो तेव्हा पारावरच्या एकाने थट्टेत ‘या साहेब’ म्हटले. मला ते आवडले, हे कबूल केले पाहिजे. पुढच्या वर्षी थट्टा गेली आणि ‘साहेब’ राहिले. चुलत्यांनी बांधाच्या भांडणाचे कागद मला दाखवले, एका लग्नात आहेराच्या टोप्यांमध्ये माझे नाव घेतले गेले, आणि जत्रेच्या फ्लेक्सवर कोपऱ्यात माझा फोटो छापून खाली ‘भावी अधिकारी’ असे लिहिले गेले. ज्या खुर्चीवर मी बसलो नव्हतो, तिचा मान मला उचल म्हणून मिळत होता. ऊसतोडीच्या टोळीला जशी हंगामाआधी उचल मिळते आणि मग ती फिटेपर्यंत मुकादमाच्या हातात मान असते, तसे माझे झाले. प्रत्येक निकाल हा परीक्षेचा निकाल न राहता थकलेला हप्ता ठरू लागला.

लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस यांनी १९७० च्या दशकापासून स्त्रियांच्या नैराश्याचा अभ्यास केला, तेव्हा आयुष्यातल्या आघातानंतर नैराश्य कोणाला येते हे पाहताना त्यांना दिसले की नुसत्या नुकसानीपेक्षा मानहानी आणि कोंडमारा अधिक घातक ठरतात. कोंडमारा म्हणजे पुढे जाता येत नाही आणि मागेही फिरता येत नाही अशी अवस्था. राज्यसेवेची, म्हणजे राज्य लोकसेवा आयोगाच्या अधिकारी भरतीच्या परीक्षेची, वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागास प्रवर्गांना ४३ वर्षे असल्यामुळे आमच्याकडे हा कोंडमारा वर्षानुवर्षे लांबवता येतो. दार कोणी बंद करत नाही, म्हणून माणूस उंबऱ्यातच उभा राहतो. मुलींच्या बाबतीत उलटे घडते. ‘दोन वर्षे देतो, नाही झाले तर स्थळे बघू’ या अटीवर त्या पेठेत आलेल्या असतात, आणि प्रत्येक गुणाबरोबर त्यांचे लग्न, शहरातले राहणे आणि स्वतःचे बँक खाते अशा तीन गोष्टी तराजूत पडतात. मुलाचा बोजा मानाचा असतो, तर मुलीचा मुदतीचा.

अपेक्षा हे नैराश्याचे एकमेव मूळ नव्हे. घराण्यात हा आजार असणे, पूर्वी एकदा येऊन गेलेला असणे, लहानपणी आई किंवा वडील जाणे, दारू, दीर्घ आजार, या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. एकाच खोलीतले चौघे एकाच निकालात नापास होतात आणि अंथरूण एकच धरतो, त्याचे कारण बहुधा इथे सापडते. तेव्हा ‘इतरांनाही अपेक्षांचे ओझे आहेच की, मलाच का झेपत नाही’ असा नवा गुन्हा स्वतःवर दाखल करू नये.

स्वतःचा सातबारा काढा

आता वही घ्या. शेतकऱ्याच्या घरातल्या कोणालाही सातबारा वाचता येतो: सातच्या नमुन्यात मालकाचे नाव, त्याशेजारी ‘इतर अधिकार’ या सदरात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, आणि बाराच्या नमुन्यात त्या वर्षीचे पीक. तसाच उतारा स्वतःचा काढायचा आहे. एका बैठकीत तो होत नाही. मला चार संध्याकाळी लागल्या, आणि पहिल्या संध्याकाळी मालकाच्या जागी नाव लिहिण्यापलीकडे काही सुचले नाही.

बोज्याच्या पानावर मनात सतत फिरणारी वाक्ये जशीच्या तशी लिहा. सभ्य करून लिहू नका. प्रत्येक वाक्यापुढे ते कोणाच्या आवाजात ऐकू येते, साधारण कोणत्या वर्षी चढले, आणि ते पाळले नाही तर नेमके काय होईल, हे लिहा. माझ्या पानावरच्या तीन नोंदी देतो. पहिली: ‘आबांनी विहिरीचे पैसे माझ्या क्लासला घातले.’ दुसरी: ‘पहिला येणारा पोरगा वाया गेला, असे गुरुजी म्हणतील.’ तिसरी: ‘आत्याच्या मुलाला पोस्ट मिळाली, आपल्या घराचे काय?’ दुसऱ्या नोंदीपुढे आवाज कोणाचा हे लिहिताना माझा हात थांबला, कारण गुरुजींना जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. जो माणूस हयात नाही त्याच्या संभाव्य शेऱ्याला भिऊन मी गावची एसटी टाळत होतो.

सगळे लिहून झाले की नोंदी वेगळ्या करा. काही खरी कर्जे असतात, काही बोजे तुमच्या सहीशिवाय परस्पर चढवलेले असतात, आणि काही, बहुधा सर्वांत जड, तुम्हीच चढवलेले असतात. खऱ्या कर्जाला रक्कम असते, तेव्हा ती लिहा. माझ्या बाबतीत ती २ लाख ८० हजार रुपये निघाली. इतकी वर्षे ‘आबांचे उपकार’ या नावाने जे डोंगराएवढे वाटत होते, ते आकड्यात उतरल्यावर पाच-सहा वर्षांच्या हप्त्यांचे काम ठरले, आणि ते हप्ते फक्त उपजिल्हाधिकाऱ्यानेच भरायचे असे कुठल्याही कागदावर लिहिलेले नव्हते. परस्पर चढवलेल्या बोज्यासाठी ज्याचे नाव असेल त्याला प्रत्यक्ष विचारणे हाच उपाय आहे. कांद्याच्या काढणीच्या वेळी, बांधावर बसून, मी आबांना विचारले की मी अधिकारी झालो नाही तर तुम्हाला काय वाटेल. ते बराच वेळ पायतळीची ढेकळे फोडत राहिले आणि म्हणाले, “मला वाटलं तुलाच व्हायचंय, म्हणून मी काही बोललो नाही.” आम्ही दोघे सहा वर्षे एकमेकांसाठी ते ओझे उचलत होतो. प्रत्येक घरात असे उत्तर येईल असे मुळीच नाही. काही वडील ‘मला तोंड दाखवू नकोस’ असेही म्हणतात. पण मग निदान बोजा कोणाचा आहे हे तरी पक्के होते.

बाराचा नमुना लोक टाळतात, कारण त्यांना वाटते की जमीन पडीकच होती. तिथे गेल्या वर्षभरात प्रत्यक्षात काय पिकले तेवढे लिहा, शाबासकी म्हणून नव्हे तर तलाठ्याच्या कोरडेपणाने: आजीला डोळ्यांच्या शस्त्रक्रियेला नेले, खोलीतल्या मुलाला गणित शिकवले, बहिणीच्या प्रवेशाचे सगळे अर्ज भरले. या ओळींची संख्या कमी असली तरी त्या खोडता येत नाहीत, आणि परीक्षेशी त्यांचा काही संबंध नसतो. किंमत टांगायला दुसरी खुंटी शोधायची असेल, तर ती याच पानावर सापडते.

वाक्यातला ‘च’

अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात एक उपचारपद्धती विकसित केली, जिला मराठीत विवेकनिष्ठ पद्धती म्हणतात. १९९० साली ठाण्यात स्थापन झालेल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’चे डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या लेखन-व्याख्यानांमुळे ती मराठी वाचकांना परिचित आहे. तिचे सार सांगायचे तर, इच्छा माणसाला आजारी पाडत नाही; इच्छेची सक्तीची मागणी झाली की ती पाडते. मराठीने यासाठी एक अक्षर राखून ठेवले आहे. ‘मला पोस्ट मिळायला हवी’ आणि ‘मला पोस्ट मिळायलाच हवी’ या दोन वाक्यांत फक्त एका ‘च’चा फरक आहे, पण पहिल्या वाक्यानंतर अपयश आले तर माणूस हळहळतो आणि दुसऱ्यानंतर तो कोसळतो.

वहीतली वाक्ये पुन्हा वाचा आणि प्रत्येक ‘च’भोवती पेन्सिलीने गोल करा. मग तो काढून वाक्य मोठ्याने म्हणा. सुरुवातीला ते मिळमिळीत वाटेल, जणू काही तुम्ही जिद्दच सोडली. तसे होत नाही. हवेपण राहते आणि त्याच्या डोक्यावरची तलवार जाते, एवढेच. दुसरे गोल नामांभोवती करा: ‘नापास’, ‘रिकामटेकडा’, ‘वाया गेलेला’. ‘मी नापास झालो’ यात एक घटना आहे, तर ‘मी नापास आहे’ यात जन्मभराचा दाखला आहे. त्याऐवजी मोजता येईल असे वाक्य लिहा: या पूर्वपरीक्षेत मला कट-ऑफपेक्षा सहा गुण कमी पडले. २०२० च्या राज्यसेवेची जाहिरात २०० पदांची होती आणि अर्ज दोन लाखांच्या वर होते. ज्या चाळणीतून हजारात एखादाच निघतो, तिच्यावरून उरलेल्या नऊशे नव्व्याण्णवांची माणूस म्हणून प्रतवारी कशी काय लावायची, हा प्रश्न मला आजही कोणी समाधानकारक सोडवून दाखवलेला नाही.

मन लागेपर्यंत थांबू नका

वह्या लिहून सगळे होत नाही. नैराश्यात ‘मूड आला की उठेन’ असे माणूस म्हणतो, आणि न उठल्यामुळेच मूड येत नाही. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला, ज्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींत मुख्यतः एवढेच शिकवले की सोडून दिलेल्या कृती थोड्या थोड्या पुन्हा कशा सुरू करायच्या आणि त्यानंतर मनात काय बदलते ते कसे टिपायचे. नेहमीच्या उपचारांना याची जोड दिल्यावर रुग्ण अधिक सुधारले.

घरी याची सुरुवात अगदी लहान करावी. पहिल्या आठवड्यात ठरावीक वेळी उठणे आणि अर्धा तास चालणे, एवढेच पुरे. पर्वतीच्या पायऱ्या पहिल्याच दिवशी गाठायची गरज नाही. दुसऱ्या आठवड्यात एक काम असे घ्या ज्यात हातांनी काहीतरी पूर्ण होते, मग ते खोली झाडणे असो की सर्वांसाठी पिठले टाकणे. तिसरे काम माणसांचे: ज्याचा परीक्षेशी संबंध नाही अशा एका तरी व्यक्तीला आठवड्यातून भेटणे. पेठेत हे अवघड असते, कारण तिथे चहावालासुद्धा ‘कट-ऑफ किती लागेल?’ असे विचारतो. टेलिग्रामवरचे गुण विचारणारे गट काही महिने बंद ठेवा, आणि निकाल लागलेल्यांच्या सत्काराच्या चित्रफिती प्रेरणेसाठी पाहतो ही समजूतही तपासा; पाहून झाल्यावर पुस्तक उघडले जाते की पांघरूण ओढले जाते, यावरून उत्तर मिळेल.

थांबायचे की नाही

हा निर्णय नैराश्याच्या ऐन भरात घेऊ नये. त्या दिवसांत ‘सगळे सोडतो’ आणि ‘आणखी पाच वर्षे देतो’ ही दोन्ही वाक्ये आजाराचीच असतात. झोप आणि भूक जरा सावरल्यावर, एका विश्वासू माणसाला शेजारी बसवून, किती प्रयत्न आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहून काढा. त्याच कागदावर दरम्यान कमाई कशी होईल तेही लिहा. अर्धवेळ काम केले तर अभ्यास बुडतो, असे पेठेत ठामपणे सांगितले जाते; माझा अनुभव असा की महिन्याला स्वतःचे सात-आठ हजार रुपये आले की घरी फोन करताना घसा कोरडा पडत नाही, आणि अभ्यासही बरा होतो.

घरच्यांशी बोलताना सगळे एका दमात सांगायला जाऊ नका. आईला आधी तब्येत सांगा: “आई, दोन महिने झोप लागत नाही, जेवण जात नाही, मी डॉक्टरांना दाखवतोय.” आजाराची गोष्ट घर समजून घेते, ‘मला परीक्षा नको’ ही गोष्ट पहिल्याच वाक्यात आली तर भांडण परीक्षेवर जाते आणि आजार मागे राहतो. लग्नाच्या मांडवात ‘मग, यंदा काय?’ असे विचारणाऱ्या मामांसाठी एक ठरलेले उत्तर खिशात ठेवा: “चालू आहे मामा. तुमच्या गुडघ्याचं काय झालं?” हे खोटेही नाही आणि उद्धटही नाही, आणि मामांना गुडघ्याविषयी बोलायला खरोखर आवडते.

घरच्यांनाही थोडे सांगायचे आहे. ‘तुला काय कमी पडू दिले?’ हा प्रश्न विचारू नये, कारण त्याला एकच उत्तर असते आणि ते मुलाला रोज पहाटे आपोआप मिळत असते. त्याऐवजी ‘जेवलास का’ हे विचारा, आणि त्याने ‘हो’ म्हटल्यावर ‘काय होतं?’ हेही विचारा. मरणाचा विचार येतो का, असे सरळ विचारले तर तो विचार डोक्यात शिरेल, ही भीती निराधार आहे. सरळ विचारल्याने बोलायला वाट मिळते. गावाकडे आणून ठेवले असेल तर फवारणीची औषधे घराबाहेर, कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे अशी ठेवावीत. आणि फ्लेक्स छापू नये, पास झाल्यावरसुद्धा, कारण त्याच्या धाकट्या भावाने तो येता-जाता पाहायचा असतो.

डॉक्टर आणि औषधे

जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. तिथे केसपेपर काढून दाखवता येते. नैराश्यावरच्या औषधांचा गुण साधारण दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागतो, तर मळमळ किंवा बेचैनी पहिल्या आठवड्यातच जाणवते, आणि म्हणून बरेच जण नेमके चुकीच्या दिवशी गोळ्या सोडतात. पंचविशीच्या आतल्यांनी पहिल्या काही आठवड्यांत बेचैनी किंवा मरणाचे विचार वाढल्यास लगेच डॉक्टरांना कळवावे. या गोळ्यांचे व्यसन लागत नाही, पण त्या अचानक बंद केल्या तर त्रास होतो. बरे वाटू लागल्यावरही त्या बहुधा सहा महिने किंवा अधिक काळ घ्याव्या लागतात आणि मग डॉक्टर हळूहळू कमी करतात. एका प्रतिष्ठित दवाखान्यात मला ‘अधिकारी व्हायचंय आणि गोळ्या कसल्या घेताय?’ असे ऐकवले गेले होते. असे झाले तर डॉक्टर बदला; उपचार सोडू नका. आरोग्य विमा असेल तर पॉलिसी काढून वाचा, कारण वर सांगितलेल्या कायद्याने मानसिक आजारांनाही शारीरिक आजारांप्रमाणेच विम्याची सोय देणे कंपन्यांवर बंधनकारक केले आहे.

पुढचा निकाल

परीक्षा देत राहणार असाल तर निकालाच्या दिवसाची तयारी आधीच करा. निकाल संध्याकाळी किंवा रात्री लागला तर पीडीएफ सकाळी उघडायची, एकट्याने उघडायची नाही, आणि शेजारी बसणाऱ्याला आदल्या आठवड्यातच सांगून ठेवायचे. घरी कोणाला आणि कोणत्या शब्दांत कळवायचे ते कागदावर लिहून ठेवा, म्हणजे त्या क्षणी शब्द शोधावे लागणार नाहीत. बाकी सर्वांना कळवण्याचे काम एखाद्या भावंडाकडे सोपवा. दुपारच्या जेवणाचे आधी ठरवा. मी माझ्या शेवटच्या निकालाच्या दिवशी साडेअकराला यादी पाहिली, क्रमांक दोनदा टाकला, नव्हता, आणि बाराला खोलीतल्या मित्राबरोबर ठरल्याप्रमाणे नारायण पेठेत मिसळ खायला गेलो. डोळे तिखटाने भरले की आणखी कशाने, हे त्याने विचारले नाही. चारला आबांचा फोन आला तेव्हा मी तो उचलला.